आधी आमची नोंद, मग तुमची मोजणी



खेड-चाकणच्या विमानतळाचं भूत पुन्हा उठलंय. 2016 मध्ये सरकारनं जाहीर केलं की पुण्याचा नवा विमानतळ पुरंदर तालुक्यात होणार. तिथल्या पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांनी तेव्हापासून विरोध धरला. 2025 च्या मे महिन्यात ड्रोन लावून मोजणी करायला गेले, लोक आडवे आले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आता आपल्याकडं टपरीवर, बाजारात, पुढाऱ्यांच्या बैठकीत बोलणं सुरू झालंय, "पुरंदरला नको ना, मग आमच्याकडं परत आणा. कंपन्या चाकणला, मग विमानतळ पण इथंच पाहिजे."

आमच्याकडं म्हंजे कुणाकडं? ज्याच्या नावावर वीस एकर आहे तो "आमच्याकडं" म्हणतो, तेव्हा त्याच्या बांधावर झोपडं घालून राहिलेली कातकऱ्यांची घरं तो मोजतो का? डोंगराच्या पोटाला असलेली ठाकरवाडी मोजतो का? नाय मोजत. आम्हाला कुणी विचारलेलं नाही. बाजूनं बोलणाऱ्यांनी नाही, विरोधात बोलणाऱ्यांनीही नाही.

म्हणून या अंकात एकच गोष्ट सांगतो. विमानतळाची सुरुवात धावपट्टीपासून होत नाही, सातबाऱ्यापासून होते. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही त्याला नकाशात जागा नाही, यादीत नाव नाही, मोबदल्यात वाटा नाही. आणि त्याचं घर उठतं सगळ्यात आधी. विमानतळ होवो का न होवो, नुसतं नाव निघालं तरी उठतं.

विमानतळ झाला नाही, जमीन हलली

"चाकणचा विमानतळ" हे शब्द ऐकतच आमची पिढी मोठी झाली. कधी चांदूस-शिरोलीचं नाव निघालं, कधी कोये, धामणे, पाईटचं, कधी कनेरसर-निमगाव-दावडीकडं सेझच्या शेजारी बोट दाखवलं. आम्ही बारावीला पोचेपर्यंत तो पुरंदरला निघून गेला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे जाणकार येऊन पाहून गेले आणि डोंगरांमुळं जागा विमानाला सोयीची नाही असं ठरलं. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, डोंगरानं वाचवलं.

डोंगराच्या भरवशावर राहू नका. पनवेलला उलव्याची टेकडी आडवी होती. ती फोडून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. पैसा ओतायचा ठरला की डोंगर राहत नाही.

आणि खरंच वाचलो का आपण? गावाचं नाव पेपरात आलं की आठ दिवसांत गाड्या येतात. आधी चहा पाजतात, मग सातबारा मागतात, मग विसार हातात ठेवतात. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही, 6 जुलै 1974 पासून तसा कायदा आहे, हे दलालाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून तो खरेदीखत करतच नाही. साठेखत करतो, कुलमुखत्यारपत्र करतो, नाहीतर दुसऱ्याच एखाद्या आदिवासीच्या नावावर घेतो आणि पैसा तिसऱ्याचा असतो. अंगठा घेताना सांगतो, "नुसती सही आहे, जमीन तुझीच." पाच वर्षांनी तिथं तारेचं कुंपण दिसतं आणि आमचाच माणूस त्या कुंपणाच्या फाटकावर रखवालदार म्हणून बसलेला दिसतो.

ज्याला सातबारा नाही त्याचं तर इतकंही होत नाही. मालक पिढ्यान् पिढ्या म्हणायचा, "राहा बांधाला, शेत राखा, वीटभट्टीवर या." जमिनीचा भाव वाढला की तोच मालक म्हणतो, "झोपडं उचला, गिऱ्हाईक येणारेय बघायला." नोटीस नाही, पंचनामा नाही. एका रात्रीत सात घरं ओढ्याच्या पलीकडं. हे विस्थापन कुठल्या सरकारी आकड्यात येणार? तिथं तर प्रकल्पच झाला नाही!

2013 च्या भूसंपादन कायद्यात खरेदी-विक्रीला बंदी आहे. पण ती लागते प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर. दलाल येतो पहिल्या बातमीला. बातमी आणि अधिसूचना यांच्यामध्ये जी वर्षं जातात तेवढ्यात आमची जमीन निघून गेलेली असते. खेडमध्ये तर अधिसूचनेपर्यंत गाडी पोचलीच नाही, नुसत्या बातम्यांवर बाजार चालला.

शून्याचे टक्के

आम्हाला सांगतात, आता पूर्वीसारखं नाही, आता परतावा मिळतो, टक्क्यानं विकसित जमीन मिळते. मग टक्के मोजू.

पिंपरी-चिंचवडचं नवनगर प्राधिकरण 1972 मध्ये झालं. भूमिपुत्रांना साडेबारा टक्के परतावा द्यायचा ठरला. त्यासाठी शेतकऱ्यांच्या दोन-दोन पिढ्या चपला झिजवत राहिल्या. प्राधिकरण 2021 मध्ये गुंडाळलं गेलं, परताव्याचं भांडण तसंच मागं उरलं. आपल्या खेडच्या सेझला कनेरसर, निमगाव, दावडी, केंदूर भागातली बाराशे हेक्टरच्या वर जमीन गेली. तिथं पंधरा टक्के. तेही वेळेवर मिळाले नाहीत, मोर्चे काढावे लागले. नवी मुंबई विमानतळाला साडेबावीस टक्के. साडेबारा, पंधरा, साडेबावीस. लढल्याशिवाय टक्का वाढला नाही हे खरं, आणि जे लढले त्यांना आमचा सलाम.

पण टक्के कशाचे? सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचे. आमच्या कातकरी वस्तीचं क्षेत्र सातबाऱ्यावर किती? शून्य. शून्याचे साडेबारा टक्के शून्य. शून्याचे साडेबावीस टक्के पण शून्य. उद्या शंभर टक्के देतो म्हणाले तरी आमच्या पदरात शून्यच पडणार. हे गणित करायला बारावी पास व्हायची गरज नाही, आमच्या आयांना ते शाळेत न जाता येतं.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या आदिम जमातींपैकी एक आहे, असं सरकारच म्हणतं. 2023 मध्ये आदिम जमातींसाठी केंद्रानं जनमन योजना काढली, त्यात घरं आहेत. पण घर बांधायला पायाखाली जागा लागते. जागा दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून घर कागदावर मंजूर आणि माणूस प्लास्टिकखाली. ज्या सरकारला आमच्या घराखालची दोन गुंठे जागा नावावर करता येत नाही, ते सरकार विमानाला हजारो एकर बरोबर शोधून काढतं.

अजून एक हिशेब बघा. 2009 मध्ये राज्यातले नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच लहान विमानतळ एका मोठ्या उद्योगसमूहाला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले गेले. 95 वर्षं! यवतमाळला, बारामतीला नेमानं प्रवासी विमान काही सुटलं नाही. सोलापूरजवळ बोरामणीला विमानतळासाठी शेतकऱ्यांची जमीन घेतली, तिथं विमानतळ झालाच नाही. 2025 मध्ये सोलापुरातून विमान उडालं ते होटगी रस्त्यावरच्या जुन्याच धावपट्टीवरून. न उडणाऱ्या विमानाला 95 वर्षांचा कागद मिळतो आणि तीन पिढ्या वरई-नाचणी काढणाऱ्या बाईला "पुरावा अपुरा" असा शेरा मिळतो.

सरकारी जमीन म्हंजे रिकामी जमीन नाय

मोठे साहेब बोलतात तेव्हा एक वाक्य ठरलेलं असतं. "शक्य तेवढी सरकारी जमीन वापरू, शेतकऱ्यांचं नुकसान कमी करू." ऐकायला बरं वाटतं. शेतकऱ्याच्या समितीलाही बरं वाटतं. आमच्या पोटात मात्र गोळा येतो. कारण सरकारी जमीन म्हंजे गायरान, वन आणि पडीक. आणि आम्ही राहतो तिथंच. आमची वाडी गायरानात, आमची वरकस जमीन वनात, आमचं मसणवट पडिकात. हिरडा, करवंदं, सरपण, खेकडे, औषधी मुळ्या या "रिकाम्या" जमिनीतूनच येतात. कागदावर जे रिकामं आहे ते आमचं भरलेलं घर आहे.

वनहक्क कायदा 2006 चा आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याचा हक्क सरकारनं मान्य करायचा आहे. त्याच कायद्याच्या कलम 4(5) मध्ये लिहिलंय की दाव्याची तपासणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत कुणालाही उठवता येणार नाही. म्हणजे दावा पडून राहिला असेल तर तो सरकारचा खोळंबा, आमचा गुन्हा नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर कंपनीला बॉक्साइट पाहिजे होतं. सुप्रीम कोर्टानं 2013 मध्ये सांगितलं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा बसल्या, बाराच्या बारा नाही म्हणाल्या. डोंगर आज जागेवर आहे. तिथल्या लोकांकडं पैसा नव्हता, ग्रामसभेचा ठराव होता.

आपल्याकडं अडचण अशी आहे की पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रातली गावं जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात आहेत. खेड आणि मावळातल्या आमच्या वाड्या त्याच सह्याद्रीत, तेच ठाकर, तेच महादेव कोळी, तेच कातकरी, पण तालुक्याची हद्द ओलांडली की पेसा कायदा संपतो. म्हणून आपल्याला वनहक्काचा कायदा जास्त घट्ट धरला पाहिजे. तो हद्द बघत नाही.

2013 चा भूसंपादन कायदा तर अजून पुढं जातो. त्यात बाधित कुटुंब म्हणजे नुसता मालक नाही. तीन वर्षं त्या जमिनीवर मजुरी करून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, कारागीर, वनावर जगणारा आदिवासी, हे सगळे बाधित. सामाजिक परिणामांचा अभ्यास करून त्यांची नावं काढायची असतात. इतका चांगला कायदा असताना पुरंदरला संपादन कुठल्या कायद्यानं चाललंय? एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्यानं! त्यात तो अभ्यास करावा लागत नाही. विमानतळ काय कारखाना आहे? ज्या कायद्यात मजुराचं नाव येतं तो कायदा बाजूला ठेवायचा आणि ज्यात येत नाही तो उचलायचा, हा योगायोग नाही. उद्या खेडला आले तर हाच रस्ता धरतील.

शेतकरी भावांना दोन शब्द

आमचं भांडण शेतकऱ्याशी नाही. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळात बऊरजवळ शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण गेले. धरण मावळात, पाणी पिंपरी-चिंचवडला. 9 ऑगस्ट हा आदिवासी दिन पण आहे. आम्ही त्या दिवशी झेंडा लावतो तेव्हा ते तिघंही आम्हाला आठवतात. भामा आसखेडचं पाणी नळानं पुण्याला पोचलं आणि धरणग्रस्त जमिनीसाठी आंदोलनं करत राहिले, हेही आम्ही डोळ्यांनी बघितलंय. तुमचं दुःख आम्हाला कळतं.

पण सरळ बोलायचं तर सरळ बोलू. विमानतळविरोधी समित्या उभ्या राहतात, आम्हाला मोर्चाला बोलावतात. ट्रॅक्टर येतो, बाया भरून नेतात, घोषणा द्यायला आमचा गळा लागतो. पुढं चर्चेला बसायची वेळ आली की टेबलावर विषय फक्त एक, एकरी दर. दर पटला की समिती घरी जाते. आम्ही ट्रॅक्टरमधून उतरतो तेव्हा उतरायला वाडी शिल्लक नसते. असं आम्ही परत करणार नाही. ज्या समितीच्या निवेदनात भूमिहीनांची यादी जोडलेली नाही, त्या समितीच्या मोर्चात आमचा झेंडा दिसणार नाही. यादी जोडा, आम्ही पहिल्या रांगेत उभे राहू.

कुणी म्हणेल, यानं फूट पडते. फूट यादीनं पडत नाही. एकाचं नाव लिहायचं आणि दुसऱ्याचं सोडायचं, यानं पडते.

"पण नोकऱ्या लागतील की!"

आमच्यातल्याच पोरांना हे वाटतं, म्हणून उत्तर देऊ. चाकणची एमआयडीसी आमच्या दारात आहे. बजाज 1999 ला आली, फोक्सवॅगन 2009 ला, महिंद्रा आली, मर्सिडीज आली. जगातल्या महागड्या गाड्या इथं बनतात. आमच्या वाडीतला किती जण कायम कामगार आहे? हाताच्या बोटांवर मोजा, बोटं उरतील. आम्ही आहोत ठेकेदाराकडं. झाडलोट, माल चढवणं-उतरवणं, बागकाम, भंगार. सात महिने झाले की ब्रेक, परत नव्यानं भरती. पीएफची पावती मागितली की दुसऱ्या दिवशी गेटवर नाव नसतं. विमानतळावर याहून वेगळं काय होणार? चकचकीत फरशी पुसायला आम्हीच, पण आत जायला रोज ओळखपत्र दाखवायचं.

पुण्याला विमानतळ लागतो, हे आम्ही नाकारत नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथं विमानं वाढवायला मर्यादा आहेत, हे आम्हालाही कळतं. विमानात बसणाऱ्याशी आमचं वैर नाही. आमचं म्हणणं इतकंच की शहराची गरज मोजताना दशांश चिन्हापर्यंत मोजता, मग त्या जागेवर राहणारी माणसं मोजताना आकडा का संपतो?

आमच्या मागण्या

1. खेड, चाकण किंवा मावळात विमानतळाच्या जागेची कसलीही पाहणी करण्याआधी त्या भागातल्या प्रत्येक ठाकरवाडीची आणि कातकरी वस्तीची घरवार नोंद करा. जमीन कुणाच्याही नावावर असो, राहणाऱ्याचं नाव लिहा.

2. राहत्या घराखालची जागा नावावर करून द्या. वस्त्यांना गावठाण द्या.

3. वैयक्तिक आणि सामूहिक वनहक्काचे सगळे पडून असलेले दावे आधी निकाली काढा. नामंजूर केले असतील तर कारण लेखी द्या, अपिलाला वेळ द्या.

4. जमीन व्यवहाराला बंदी अधिसूचनेपासून नको, पहिल्या पाहणीच्या दिवसापासून लावा. आदिवासींच्या जमिनीवरची साठेखतं आणि कुलमुखत्यारपत्रं तपासा.

5. संपादन करायचंच असेल तर 2013 च्या कायद्यानं करा. एमआयडीसीच्या कायद्याची मागची वाट बंद करा.

6. वाडीची स्वतंत्र ग्रामसभा घ्या. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत कोपऱ्यात उभं करून आमचा अंगठा घेऊ नका.

आणि आपण काय करायचं

साथींनो, मागण्या छापून सरकार हलत नाही. आपली कामं आपण आजपासून करू. प्रत्येक वाडीनं एक वही घालावी. त्यात घराचा कर्ता, बाई-बापय, पोरं, किती वर्षांपासून इथं राहतो, रेशनकार्डचा नंबर, मतदार यादीतला नंबर, जातीचा दाखला आहे का नाही, हे लिहावं. म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या खुणा विचारून घ्याव्यात. देवाची जागा, मसणवट, जुनी विहीर, पाणवठा, कुणी लावलेलं आंब्याचं झाड. वनहक्काच्या नियमांत म्हाताऱ्यांचा जबाब आणि अशा खुणा पुरावा म्हणून धरल्या जातात. आजी-आजोबा आहेत तोवर लिहून घ्या, त्यांच्यामागून हा पुरावा कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

कुणी विसार घेऊन आला तर एकट्यानं बोलू नका, वाडी गोळा करा. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर, मोबाईलवर कुठंही अंगठा लावू नका. मोजणीवाले आले तर दगड उचलू नका, वही उघडा. विचारा, कुठल्या कायद्यानं आलात, आदेशाची प्रत दाखवा, आमच्या ग्रामसभेचा ठराव दाखवा. वहीतली नावं वाचून दाखवा आणि त्यांच्या कागदात लिहून घ्या म्हणा. लिहीत नसतील तर मोजणी नाही.

हा अंक ज्याच्या हातात पडेल त्यानं खिशात ठेवू नये. संध्याकाळी वाडीत मोठ्यानं वाचून दाखवावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांचीच नावं यात सगळ्यात आधी लिहायची आहेत.

आधी नोंद, मग मोजणी!
नोंद नाही, तर मोजणी नाही!